मनवा सोंगट्या लावते

६ एप्रिल २०२५, रविवार

लालबाग, परळ, दादर, गिरगावातल्या आयांनो! ज्यांच्या मुलाकडे बघून क्लासचे संचालक आधी हसतात, मग घड्याळ बघतात आणि शेवटी "सीट्स भरल्या" म्हणतात, अशा तुम्ही सगळ्या! सुटी लागली की गल्लोगल्ली बॅनर लागतात. पोहा, नाचा, चित्रं काढा, किल्ले बघा. प्रत्येक बॅनरवर "सर्व मुलांसाठी" लिहिलेलं असतं. त्या "सर्व"मध्ये आपली मुलं का बसत नाहीत, हे विचारायला आपण कधी एकत्र जमलो का?

नाही जमलो. युनियनच्या गेटसभेला मी पाचशे माणसं उन्हात उभी करते, पण या आयांची सभा भरत नाही. त्या घरात असतात, मूल धरून. म्हणून हे भाषण वहीत.

मनवा तेरा वर्षांची आहे. डाऊन सिंड्रोम. माटुंग्याची तिची खास शाळा दुपारी एकपर्यंत असते, आता दोन महिने तीही बंद. शेवटच्या दिवशी मानसीबाईंनी मला बाजूला घेतलं. "सीमाताई, हिला आता आमच्यापेक्षा साध्या मुलांची गरज आहे. घराजवळ, रोज. नाहीतर आहेत ते शब्दही जातील. मी जाताना पाहिलेत."

घरी येऊन मी मनवाचे शब्द लिहून काढले. एकेचाळीस भरले.

काल एका तलावावर गेलो होतो. पोहायला शिकवणारा माणूस तसा भला वाटला. म्हणाला, "मॅडम, मला काही प्रॉब्लेम नाही. पण मागे असाच एक मुलगा घेतला होता, तर बाकीचे पालक पाणी बदला म्हणाले."

मी विचारलं, "मग बदललंत?"

तो म्हणाला, "मुलगा बदलला."

९ एप्रिल

ऑफिसातून हाफ डे घेऊन ठाकूरद्वारला. तिथे एक बाई तीस वर्षं घरातच चित्रकलेचा क्लास घेतात. गोड बोलणं, भिंतीवर मुलांची चित्रं.

"मुलं हसतील हो हिला," त्या म्हणाल्या. "मला तिचीच काळजी वाटते."

"हसली तर तुम्ही काय कराल?"

"सांगीन ना मी त्यांना, हसू नका म्हणून."

"मग सांगा. उद्यापासून येते ती."

त्या टेबलं मोजायला लागल्या. मग म्हणाल्या, माझ्याकडे टेबलं कमी आहेत.

मला अशी माणसं उघड शत्रूपेक्षा जास्त चीड आणतात. शत्रूशी भांडता येतं. यांच्याशी भांडलं तर आपणच वाईट दिसतो. त्यात आमचं बोलणं चालू असताना मनवाने त्यांचा खडूंचा डबा टेबलावर उपसला होता आणि एक लाल, एक पिवळा, एक लाल, एक पिवळा असा गोल मांडत बसली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भराभर सगळे डब्यात कोंबले आणि तिला ओढत जिना उतरले. गिरगाव चर्चपर्यंत ती रडत होती. बाईंवर रागावली असणार. तिला कळतं, कोण नाही म्हणतं ते.

१२ एप्रिल

लोअर परळ. जिथे माझे सासरे गिरणीत साचे चालवायचे त्याच्या आसपास कुठेतरी आता काचेची इमारत आहे आणि तिच्या सातव्या मजल्यावर मुलांसाठी नाच आणि नाटकाचं शिबिर. बॅनरवर "इन्क्लुझिव्ह" हा शब्द माझ्या हाताएवढा मोठा. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "शुअर मॅम, वुई लव्ह स्पेशल किड्स. फक्त तिच्यासोबत एक शॅडो पर्सन तुम्ही आणायचा, आणि तिची बॅच वेगळी, मंगळवारी."

"मंगळवारी बाकीची मुलं असतात?"

"नो मॅम, मंगळवारी फ्लोअर रिकामा असतो ना."

रिकाम्या हॉलमध्ये माझी मुलगी आणि तिची सावली. मी तिथेच उभी राहून बोलले. पंधरा मिनिटं. सिक्युरिटीवाला आला, पण तोही ऐकत राहिला. लिफ्टमध्ये मला म्हणाला, "ताई, माझ्या भावाची पोरगी पण अशीच आहे. गावाला. घरातच असते."

१५ एप्रिल

नवा शब्द! "थांब." मी तिच्या ताटातला पापड उचलत होते, तर हात आडवा करून अगदी खणखणीत "थांब" म्हणाली. चित्रांच्या कार्डांचा मी दोन महिने धरलेला हट्ट फळाला आला. लाल सिग्नलचं कार्ड, नक्कीच.

१७ एप्रिल

"राणी." आणि एक गंमत, "फाऊल." राणी कार्डांवर आहे. फाऊल तिने टीव्हीवरून उचलला असणार. हितेंद्रला सांगितलं तर तो नुसता हसला. "कार्डांवर फाऊल नाही ना?" म्हणाला. नवऱ्याला श्रेय द्यायची सवय नसते.

चव्वेचाळीस.

२१ एप्रिल, सोमवार



सासूबाईंचे गुडघे गेलेत, म्हणून बागेत नेण्याऐवजी त्या पाचनंतर मनवाला खाली वाऱ्यावर बसवतात असं मला माहीत होतं. आज साहेबांची मीटिंग रद्द झाली आणि मी सहाला घरी पोचले. तळमजल्यावर चाळीच्या मंडळाची कॅरमची खोली. दारात चपलांचा ढीग. आत चार मुलं बोर्डाभोवती, ध्रुव, सलोनी आणि मागच्या चाळीतले दोघे. आणि माझी मुलगी जमिनीवर गुडघ्यांवर! बाकाखाली घरंगळलेल्या सोंगट्या गोळा करत होती.

गेम संपला. ध्रुव खुर्चीत रेलून ओरडला, "मनवा, लाव!"

आणि ती उठली. हातात पावडरीचा डबा. बोर्ड पुसला, पावडर टाकली, एकेक सोंगटी लावायला लागली. मुलं हात बांधून बसलेली, साहेबासारखी. तिने लावलं, ती बाजूला झाली, ते खेळले. पुन्हा गेम संपला, पुन्हा "मनवा, लाव!" स्ट्रायकर एकदाही तिच्या हातात दिला नाही कुणी.

ज्या घरातल्या माणसाने दीड वर्षाचा संप काढला, पण फुकट एक तास काम केलं नाही, त्या घरातली मुलगी तळमजल्यावर बिनपगारी हमाली करते आणि वरून सगळे म्हणतात, बघा कशी रमलीय!

मी तिचा हात धरला आणि मुलांना जे बोलायचं ते बोलले. सलोनी रडायला लागली. ध्रुव म्हणाला, "काकी, पण तिचं—" मी त्याला पुढे बोलू दिलं नाही.

खोली सांभाळणारे बंडूकाका माझ्या सासऱ्यांचे सोबती, गिरणीत त्यांच्याच खात्यातले. कोपऱ्यात स्टुलावर बसून पेपर वाचत होते. मी म्हटलं, "काका, तुमच्या डोळ्यांदेखत?"

त्यांनी चष्मा काढला. "सूनबाय, ती सोंगट्यो लावता तवसर चार पोरां गप बसतत. ह्या लालबागात दुसरां कोण चार पोरांक गप बसवता, ता माका दाखव."

जुन्या माणसांना सवय लागते. जिन्यात मनवा माझ्या मनगटाला चावली. तिथली गुलामगिरी तिच्याही अंगवळणी पडलीय.

२२ एप्रिल

सासूबाई रुसल्यात. सकाळी भांडी आपटत होत्या. "चेडू खुशीत होता. तुझा काय जाय होता?"

मी म्हटलं, "आई, माझी मुलगी खेळाडू म्हणून बसेल त्या खोलीत, नोकर म्हणून नाही."

हितेंद्र रात्रपाळीवरून येऊन चहा घेत होता. "तू एकदा पूर्ण गेम होईपर्यंत बस ना तिथे," म्हणाला. "नुसती बस. बोलू नको."

संध्याकाळी युनियनची कार्यकारिणी होती. बसायला वेळ कुणाला आहे?

जेवताना मनवाने भेंडीच्या चकत्या आणि काकडीचे काप ताटात गोल लावले. एक हिरवा, एक पांढरा. हात आपोआप चालतात तिचे. कामाची सवय अशी हाडात शिरते. मी कालवून भरवलं.

२७ एप्रिल, रविवार

मंडळाची सभा. सेक्रेटरी विक्रांतने विषयपत्रिकेत मला "इतर" मध्ये टाकलं होतं. मी "इतर" मधूनच बोलले, बावीस मिनिटं. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा सांगितला, गिरणगाव सांगितलं, सासऱ्यांचा फोटो दाखवला. म्हटलं, "या चाळीने संपात शेजाऱ्याची चूल विझू दिली नाही. त्याच चाळीत आज एका मुलीला सोंगट्या वेचायला लावतात. माझी मुलगी स्ट्रायकर धरेल! सगळ्यांसमोर धरेल!"

टाळ्या थांबेनात. दोन बायका रडल्या. कुणीतरी व्हिडिओ काढला, आता चारही ग्रुपवर फिरतोय.

विक्रांत हुशार पोरगा. लगेच ठराव मांडला: एक मेला सत्यनारायणाच्या पूजेआधी मनवाची खास मॅच, स्टेजवर. मी अध्यक्षांना म्हटलं, याला म्हणतात बदल. जाताना बंडूकाकांनी फक्त विचारलं, "आज सहाला येतला ता?" मी म्हटलं, एक मेला येईल, मानाने येईल. तोवर सराव घरी.

२९ एप्रिल

शेजारून छोटा बोर्ड आणलाय. सराव जमत नाही. स्ट्रायकर हातात दिला की मनवा तो पॉकेटमध्ये टाकते आणि सोंगट्या लावत बसते. मी तिचं बोट धरून नेम मारला, सोंगट्या उधळल्या, तर "थांब! थांब!" करत माझ्या हातावर मारते. आज तीन तास. शेवटी दोघी रडलो. पण तिला खेळायला बसवायचं ठरवलंय. स्टेजवर माणसं दिसली की हुरूप येईल, मला तसाच येतो.

सहा वाजता दाराशी जाऊन उभी राहते. कडी लावून ठेवली.

१ मे, गुरुवार

नीट लिहायचा प्रयत्न करते.

चौकात मांडव. मागे बॅनर, त्यावर मनवाचा फोटो, कुणा पुढाऱ्याचा तिच्या दुप्पट. नवा पिवळा फ्रॉक. विक्रांतच्या हातात माइक, "आणि आता आपली लाडकी स्पेशल खेळाडू!" समोर ध्रुवला बसवलं होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याला हरायला सांगितलंय, हे मला नंतर कळलं.

बोर्ड विक्रांतने आधीच लावून ठेवला होता. मनवा खुर्चीत बसली, बोर्डाकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाली, "फाऊल."

माइक जवळ होता. सगळा चौक हसला, टाळ्या वाजल्या. माझं ऊर भरून आलं. चारशे माणसांसमोर एक स्पष्ट शब्द!

मग तिने सोंगट्या उचलायला सुरुवात केली. दोन काळ्या शेजारी होत्या, त्यातली एक काढली. ध्रुव हळूच म्हणाला, "विक्रांतदादा, थांब ना, लावू दे तिला." विक्रांतला पूजेची घाई होती, गुरुजी बसलेले. त्याने मनवाचं मनगट धरलं, बोट स्ट्रायकरवर ठेवलं आणि मारलं. फोटोवाल्याने फ्लॅश मारला. सोंगट्या उधळल्या, काही बोर्डाबाहेर गेल्या. ती कान दाबून ओरडली. असं ओरडणं मी तिचं बाळपणापासून ऐकलं नव्हतं. खाली बसली, स्टेजवर, सोंगट्यांमागे रांगत. फ्रॉक ओला झाला. लोकांना वाटलं पाणी सांडलं. हितेंद्रने तिला उचलून नेलं.

ट्रॉफी मी घेतली. माइक हातात होता म्हणून बोलले. सात मिनिटं. भाषण चांगलं झालं, सगळे म्हणाले.

४ मे

खोलीला कुलूप. माझ्या भाषणाची क्लिप कुठल्या कुठे गेली. खाली कुणीतरी लिहिलं, चाळीत अपंग मुलीकडून मजुरी, मंडळावर कारवाई करा. दोन साध्या वेशातले पोलीस येऊन विक्रांतला चार प्रश्न विचारून गेले. मंडळाने फळ्यावर नोटीस लावली: पुढील सूचनेपर्यंत कॅरमची खोली बंद. शिवाय एक मेच्या गडबडीत राणी हरवली, तीही मुलांनीच लांबवली असा आरोप.

मी विक्रांतला अडवलं. "बंद करा असं मी म्हटलं होतं?"

"ताई, तुम्ही काय म्हटलं ते सगळ्या मुंबईने ऐकलंय," तो म्हणाला. "आम्हाला नको ती भानगड."

ही माझ्याविरुद्धची जुनी चाल आहे. मालकही टाळेबंदी करून कामगारांनाच दोष द्यायचे.

१९ मे

नवीन शब्द नाही. ध्रुवच्या आईला पाण्याच्या नळावर गाठलं. "पाठव की त्याला वर, मनवाशी खेळायला." ती बादली बघत राहिली. "सीमाताई, राग मानू नका. तुमच्या मुलीशी चुकून काही वेडंवाकडं झालं तर तुम्ही त्याला सभेत उभा कराल."

८ जून

थांब गेला. फाऊल गेला. राणी महिनाभर ऐकलेला नाही. कालपासून "पाणी" म्हणायच्या ऐवजी माठाकडे ओढते. आज पुन्हा लिहून काढले. एकोणतीस. कार्डं समोर धरली की तोंड फिरवते.

रोज सहाला मात्र खाली जाते. आता कडी लावत नाही मी. कुलपासमोर उभी राहते, पावडरीचा रिकामा डबा छातीशी धरून. साडेसातला सासूबाई जिन्यातून हाक मारतात, मग येते. शेजारचे तिला वळसा घालून जातात.

मानसीबाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, "एप्रिलमध्ये ती कुठे जात होती? तेव्हा तर तीन शब्द आले होते ना?"

मी म्हटलं, कुठेच नाही. घरीच होती.

फोन ठेवल्यावर वहीतली एप्रिलची पानं काढून पुन्हा वाचली.

१५ जून

उद्यापासून शाळा. ध्रुव जिन्यात सापडला, वह्यांना कव्हरं घालायला चिकटपट्टी घेऊन चालला होता. मी पायरीवर बसले म्हणून त्यालाही बसावं लागलं.

"ध्रुव, त्या दिवशी तू काय सांगत होतास?"

तो बराच वेळ चिकटपट्टीचं टोक शोधत राहिला.

"काकी, तिचं लावणं म्हणजे... आमचा रूल होता. मनवाने लावल्याशिवाय गेम सुरू नाही. कुणी मध्ये हात घातला की ती 'थांब' म्हणायची. तरी घातला तर 'फाऊल' म्हणायची आणि त्याची एक सोंगटी कमी. मागच्या चाळीतल्या राहुलची तर तीन वेळा गेली. ती राणी मुठीत ठेवायची, आम्ही सगळे 'राणी, राणी' ओरडायचो, मग शेवटी मधे ठेवायची. तिला चार मिनिटं लागायची. आम्ही थांबायचो."

"रोज?"

"रोज. सलोनी पहिल्यांदा वैतागली होती, पण काका म्हणाले, रूल म्हणजे रूल."

"आणि खाली पडलेल्या ती एकटीच का गोळा करायची?"

"आम्ही उचलल्या तर चिडते. तिच्या आहेत ना त्या." मग घाईघाईत म्हणाला, "राणी आम्ही नाही चोरली, काकी. देवाशप्पथ."

तो गेला. मला त्याला काहीतरी म्हणायचं होतं. तीस वर्षं बोलते आहे, आणि जिन्यात एका बारा वर्षांच्या मुलापुढे मला वाक्य सापडलं नाही.

२१ जून

पिवळा फ्रॉक एक मेपासून तसाच मोरीवरच्या पिशवीत पडला होता. तिला दाखवला की ओरडते, म्हणून कुणी काढला नव्हता. आज धुवायला काढला. खिशात राणी.

म्हणजे ती रांगत होती तेव्हा बाकीच्या टाकून हिच्यामागे गेली होती.

हितेंद्रला दाखवली. त्याने हातात घेतली, परत दिली. "तुला माहीत होतं ना, खाली काय चालायचं ते?" मी विचारलं. तो म्हणाला, "मी रात्रपाळीला जाताना दहा मिनिटं बसायचो तिथे." मग म्हणाला, "सांगितलं होतं मी. बस म्हणून." रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं.

मनवा झोपेपर्यंत राणी तिच्या हातात ठेवली. तिने मूठ मिटली. बोलली नाही.

२२ जून, रविवार

सकाळी बंडूकाकांकडे गेले. चावी अजून त्यांच्याच खुंटीला. माफीची चार वाक्यं ठरवून गेले होते. पहिल्यावरच त्यांनी हात वर केला. "चाय घेतलंस?" मग चावी काढून माझ्यासमोर ठेवली. "उघडूक काय, मी आत्ता उघडतंय. विक्रांतचां बगून घेवया. पण पोरां खयसून आणतलं? तेंका घरातल्यांनी सोडूक व्हया."

म्हणजे खोली उघडेल. मुलं येणार नाहीत. कारण मी.

दुपारभर फळ्यासाठी मजकूर लिहिला. पहिल्यांदा चार पानं झाली. त्यात कायदा होता, सासरे होते, काचेची इमारत होती, तलावावरचं पाणीही होतं. सगळं खरं होतं. मनवा शेजारी बसली होती, मुठीत राणी घेऊन, दाराकडे बघत. चारही पानं फाडली.

संध्याकाळी खडू घेतला आणि फळ्यावर एवढंच लिहिलं. विक्रांत मागे उभा राहून वाचत होता. पुसेल असं वाटलं, पुसलं नाही अजून तरी.

"चाळीतल्या सर्व आयांनो, बापांनो,
राणी मुलांनी घेतली नव्हती. ती आमच्या घरात सापडली. ध्रुव, सलोनी, राहुल आणि सगळ्याच मुलांची मी माफी मागते.
खोलीत मी येणार नाही, बोलणारही नाही.
उद्या, सोमवारी, संध्याकाळी सहा वाजता तुमचं मूल कॅरमच्या खोलीत पाठवा. चार मिनिटं थांबावं लागेल. सोंगट्या मनवा लावेल.
सीमा, दुसरा मजला"